आवडत्या रॉक गाण्यांचा स्वतःचा मिक्स कसा बांधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता पेन ड्राइव्हवर रॉक गाण्यांचे मिक्स बांधण्याचा छंद मी बरीच वर्षे जोपासला आहे. बेळगावात टिळकवाडी, शहापूर आणि कॅम्प भागातील, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूची तरुण मंडळी भेटली की त्यांच्याकडून साधारण सारखेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरे मला जशी सुचली आणि अनुभवाने पटली, तशी येथे सविस्तर लिहिली आहेत.

आवडत्या गाण्यांची यादी आणि मिक्स यांत फरक काय?

फोनमध्ये आवडती म्हणून खूण केलेली तीनशे गाणी हा साठा झाला. त्या साठ्यातून ठरावीक वेळात, ठरावीक क्रमाने आणि एका विशिष्ट प्रसंगासाठी काढलेली दहा-बारा गाणी म्हणजे मिक्स. आपल्याकडच्या गावांत एकादशीला भजनाला बसणाऱ्या माळकऱ्याला शेकडो अभंग पाठ असतात, तरीही त्या रात्रीचे भजन मनाला येईल तसे होत नाही. आरंभी नामघोष, मग रूपाचा अभंग आणि शेवटी पसायदान ही चौकट पाळली जाते, आणि मधल्या जागेत कोणता अभंग कशानंतर घ्यायचा याचा विचार म्हणणाऱ्याने केलेला असतो. रॉक गाण्यांच्या मिक्समध्ये नेमके हेच काम आपल्याला करायचे असते. गाणी दुसऱ्यांची असतात. त्यांचा क्रम, त्यांच्यामधले सांधे आणि काय वगळायचे याचा निर्णय मात्र आपला असतो, आणि माझ्या मते मिक्सचा सगळा जीव त्यातच आहे.

मिक्स किती लांबीचा असावा?

मर्यादा घालून घ्यावी आणि ती काटेकोरपणे पाळावी. कॅसेटच्या काळात ही मर्यादा आपोआप मिळत असे. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, सी-९० ची ४५ मिनिटांची. सी-१२० सुद्धा मिळत असे, परंतु तिची फीत फारच पातळ, सुमारे ९ मायक्रॉन जाडीची, असल्यामुळे ती ताणली जाण्याची आणि टेपरेकॉर्डरमध्ये गुंडाळली जाण्याची भीती असे. म्हणून जाणकार माणसे सी-९० च्या पुढे जात नसत. पुढे सीडी आली आणि मर्यादा ८० मिनिटांवर गेली. आता पेन ड्राइव्हवर हजारो गाणी मावतात, आणि त्यामुळेच निवड करण्याची सवय सुटत चालली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आजही मी ४५ मिनिटांच्या दोन बाजू आखूनच मिक्स बांधतो. रॉक गाणे सरासरी चार-साडेचार मिनिटांचे धरले तर एका बाजूला दहा गाणी बसतात. बेळगावहून महामार्गाने निपाणीला गाडीने जायला सव्वा ते दीड तास लागतो, म्हणजे दोन्ही बाजू वाटेत पूर्ण होतात. प्रसंग आणि लांबी असे जुळवून पाहावे. रोज कॉलेजला किंवा कामावर जाण्याच्या वाटेसाठी असेल तर ३० मिनिटेही पुरतात.

गाणी निवडायला सुरुवात कोठून करावी?

एका गाण्यापासून करावी. ज्या गाण्यामुळे आपल्याला हा मिक्स बांधावासा वाटला, ते कागदावर मधोमध लिहावे आणि त्याच्या आधी काय ऐकायला आवडेल, नंतर काय ऐकायला आवडेल, असा विचार दोन्ही दिशांनी करत जावे. सर्वांत मोठी, सर्वांत गाजलेली गाणी गोळा करून मिक्स बांधायला घेतला तर प्रत्येक गाणे शिखरावर उभे असल्यासारखे होते आणि ऐकणाऱ्याला खाली उतरून श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

एखादा विषय धरूनही निवड करता येते: पाऊस, रात्रीचा प्रवास, घर सोडून जाणे. या पद्धतीचा थोर आदर्श आपल्याच जिल्ह्यात जन्मला आहे. १९२४ साली सुळेभावी येथे जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’ या कार्यक्रमात पावसाची गीते एका सूत्रात गुंफली होती. संगीताचा प्रांत वेगळा असला तरी एकाच ऋतूकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहत एक अखंड अनुभव उभा करण्याची ती दृष्टी रॉक गाण्यांना तितकीच लागू पडते. मात्र विषय धरताना केवळ शब्दांवर जाऊ नये. गाण्याच्या नावात पाऊस आहे म्हणून ते पावसाळी ठरत नाही. गिटारचा नाद, ड्रमचा संथपणा, आवाजातला ओलावा या गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

क्रम कसा लावावा? ठोकळेबाज नियम आहे का?

नियम नाही, पण मैफलीचा अनुभव असलेल्या माणसाला हे काम सोपे जाते असे मी पाहिले आहे. धारवाड-हुबळीपासून मिरज-कोल्हापूरपर्यंतच्या या पट्ट्यातील श्रोत्यांच्या कानावर विलंबितातून, म्हणजे संथ लयीतून, द्रुतापर्यंत, म्हणजे जलद लयीपर्यंत, जाणारी वाटचाल पिढ्यान्‌पिढ्या पडली आहे. रॉक संगीतात हीच वाटचाल एका गाण्याच्या पोटातही सापडते. लेड झेपेलिनचे १९७१ सालचे ‘स्टेअरवे टू हेवन’ हे आठ मिनिटांचे गाणे एकट्या गिटारने आणि बासरीच्या जातीच्या रेकॉर्डर या वाद्याने हळुवार सुरू होते, ड्रम चार मिनिटे उलटून गेल्यावर येतात, मग लय चढत जाते, गिटारची लांब फेक येते, आणि शेवटी सगळी वाद्ये थांबून केवळ गाणाऱ्याचा आवाज उरतो. ज्यांनी ख्याल ऐकला आहे त्यांना या बांधणीची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

पण संपूर्ण मिक्स विलंबितातून द्रुताकडे एकाच चढाने नेऊ नये. ४५ मिनिटे सतत चढत जाणारी लय थकवते. मी स्वतः पहिले गाणे मध्यम लयीचे पण ठाम सुरुवातीचे घेतो, कारण ऐकणारा अजून आपल्या कामाच्या विचारांत असतो आणि त्याला ओढून आणावे लागते. दुसरे गाणे पहिल्यापेक्षा थोडे जोरकस, तिसरे त्याहून जोरकस, आणि चौथ्याला एकदम मोकळी, शांत जागा. त्यानंतर पुन्हा बांधणी सुरू होते, आणि सर्वांत मोठे गाणे बाजूच्या शेवटून दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी येते. अगदी शेवटी मोठे गाणे ठेवण्याचा मोह अनेकांना होतो; मला मात्र त्या मोठ्या गाण्यानंतर एक साधे, छोटे, आवाज खाली आणणारे गाणे लागते, जसे रंगलेल्या मैफलीनंतर भैरवी लागते.

लय मोजायची असेल तर घड्याळ समोर ठेवून १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजावे आणि चारने गुणावे. शेजारच्या दोन गाण्यांत आठ-दहा ठोक्यांचा फरक फार त्रासदायक असतो. कानाला वाटते की तेच गाणे ओढल्यासारखे वाजत आहे. त्यापेक्षा लय जवळजवळ सारखी तरी ठेवावी किंवा स्पष्ट जाणवेल इतकी बदलावी.

दोन चांगली गाणी शेजारी ठेवली तरी सांधा खटकतो. असे का होते?

बहुतेक वेळा पट्टी, म्हणजे गाणे ज्या सुराला ‘सा’ मानून बांधलेले असते तो सूर, हे त्याचे कारण असते. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी हे करून पाहावे: गाणे लावावे आणि त्याचा षड्ज (सा) पेटीवर शोधावा. गिटारच्या सर्वांत खालच्या सुराच्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा सूर पांढरी तीनचा (पेटीवरील सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) असतो आणि तिच्या शेजारच्या तारेचा पांढरी सहाचा. या तारा मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबता, घुमवता येतात म्हणून रॉकमधील अगणित गाणी या दोन पट्ट्यांत आहेत. मेटॅलिकाचे १९९१ सालचे ‘नथिंग एल्स मॅटर्स’ पांढरी तीनमध्ये आहे आणि त्याची सुरुवात तर मोकळ्या तारा छेडूनच होते. परंतु काही बँड आपल्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून घेतात. गन्स अँड रोझेसची सवय अशीच होती, त्यामुळे त्यांच्या गाण्यांत काळी एक आणि काळी दोन या पट्ट्या वारंवार भेटतात. पांढरी तीनमधील गाण्याला लागून काळी दोनमधील गाणे लावले की एका षड्जातून दुसऱ्या षड्जात जाताना कान अर्ध्या सुराने घसरतो, आणि दुसरे गाणे बेसूर नसतानाही पहिल्या काही क्षणांत बेसूर वाटते.

उलट, षड्ज एकच ठेवून बाकीच्या सुरांचा रंग बदलला तर सांधा फार सुंदर होतो. डीप पर्पलचे १९७२ सालचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ पांढरी पाचमध्ये आहे आणि त्याच्या सर्वपरिचित सुरावटीत कोमल गंधार (अर्ध्या सुराने उतरलेला ग) ठसठशीत आहे. पिंक फ्लॉइडचे १९७५ सालचे ‘विश यू वेअर हिअर’ हेही पांढरी पाचमध्येच आहे, पण शुद्ध गंधाराचे. पहिले गाणे हळूहळू विरत जाते, दुसऱ्याच्या आरंभी दुरून आल्यासारखा रेडिओचा खरखरता आवाज येतो, मग बारा तारांची गिटार सुरू होते, आणि षड्ज तोच असताना कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार उमलतो. हा सांधा मला एका पावसाळ्यात पेटी पुढ्यात घेऊन बसल्यावर सापडला आणि त्या दिवसाचा आनंद मी विसरलेलो नाही.

पट्टी जुळली म्हणून सगळे जुळले, असे मात्र समजू नये. ईगल्सचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आणि पिंक फ्लॉइडचे ‘कम्फर्टेबली नम’ या दोन्ही गाण्यांचा मुख्य सूर पांढरी सात आहे, परंतु दोन्ही गाणी सहा मिनिटांच्या पुढची आहेत आणि दोन्हींचा शेवट गिटारच्या दीर्घ वादनात होतो. ती पाठोपाठ लावली की दुसऱ्या गाण्यातील वादन, ते कितीही थोर असले तरी, पहिल्याची पुनरावृत्ती वाटू लागते. अशी गाणी दोन वेगळ्या बाजूंना द्यावीत.

रॉकमध्ये नेहमी चारच मात्रा असतात का?

बहुतांश गाणी चार मात्रांच्या ठेक्यात असतात, आणि म्हणूनच वेगळ्या मात्रांचे एखादे गाणे मिक्समध्ये मध्येच ताजेपणा आणते. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘मनी’ या गाण्याचा बराचसा भाग सात मात्रांचा आहे. तबला शिकलेल्याने रूपक हा सात मात्रांचा ताल मनात धरला तर मात्रा बरोबर बसतात, आणि गिटारच्या वादनाच्या वेळी गाणे चार मात्रांत जाते ते ठिकाणही लगेच ओळखू येते. वर उल्लेख केलेले ‘नथिंग एल्स मॅटर्स’ सहाच्या झुलत्या चालीत आहे, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या जवळचे. अशी गाणी एका बाजूला एक किंवा दोनच ठेवावीत.

दोन गाण्यांमध्ये किती शांतता ठेवावी? फोनमधील क्रॉसफेड वापरावे का?

क्रॉसफेड, म्हणजे एक गाणे विरत असतानाच दुसरे वर येणे, ही सोय मी बंद ठेवतो. यंत्राला गाण्याचा शेवट कळत नाही. ते सगळ्या गाण्यांना सारखीच सेकंदे लावते. आघातावर तुटणारे गाणे आणि हळूहळू विरणारे गाणे यांना एकच न्याय लावता येत नाही. आघातावर थांबणाऱ्या गाण्यानंतर दीड-दोन सेकंदांची शांतता शोभते, कारण तो आघात खोलीत विरायला हवा. विरत जाणाऱ्या गाण्यानंतर मात्र पुढचे गाणे जवळजवळ लगेच यावे, कारण त्याने स्वतःची शांतता आधीच निर्माण केलेली असते.

ऑडासिटी हे ध्वनिसंपादनाचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन सगळी गाणी पडद्यावर एका ट्रॅकमध्ये ओळीने मांडली तर ही शांतता हाताने, दशांश सेकंदापर्यंत ठरवता येते. सीडी भरताना ‘डिस्क ॲट वन्स’ हा पर्याय निवडावा. ‘ट्रॅक ॲट वन्स’ निवडल्यास गाण्यांमध्ये साधारण दोन सेकंदांची पोकळी आपोआप पडते आणि आपली सगळी मेहनत वाया जाते.

एकमेकांना जोडलेली गाणी तोडून घ्यावीत का?

शक्यतो तोडू नयेत. बीटल्सच्या १९६९ सालच्या ‘अ‍ॅबी रोड’ या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर लहान लहान गाणी एकमेकांत ओवलेली आहेत, आणि पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ मध्ये शेवटची दोन गाणी, ‘ब्रेन डॅमेज’ आणि ‘एक्लिप्स’, एका श्वासात वाजतात. यांपैकी एकच उचलले तर त्याची कड फाटल्यासारखी राहते. जोडी असेल तर जोडीच घ्यावी आणि वेळेच्या हिशेबात ती एक गाणे म्हणून धरावी. क्वीनची ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही १९७७ सालची गाणीसुद्धा अल्बमवर लागूनच येतात आणि माझ्या कानाला ती एकत्रच बरी वाटतात.

एकाच बँडची किती गाणी चालतील?

एका बाजूला एक. फारच झाले तर दोन्ही बाजू मिळून दोन.

जुनी गाणी हळू आणि नवी गाणी मोठ्याने का वाजतात?

१९७० च्या दशकातील ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजांमधील अंतर राखलेले असे. १९९० नंतर मात्र आपले गाणे इतरांपेक्षा दणक्यात वाजावे म्हणून हे अंतर दाबून सगळाच आवाज वरच्या पातळीवर आणण्याची चढाओढ लागली. मेटॅलिकाच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमवर याच कारणासाठी चाहत्यांनीच टीका केली होती. त्यामुळे जुन्या गाण्यानंतर नवे गाणे आले की हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो.

यावर उपाय असा की सगळी गाणी एका पातळीवर आणावीत. ‘रिप्लेगेन’ ही पद्धत गाण्याचा आवाज मोजून त्याची नोंद फाइलमध्ये ठेवते आणि वाजवणारे सॉफ्टवेअर त्या नोंदीप्रमाणे पातळी लावते. मूळ ध्वनी बदलत नाही. मिक्ससाठी तिच्यातील प्रत्येक गाण्याची वेगळी मोजणी करणारा पर्याय निवडावा, अल्बमचा नव्हे. गाडीतील अनेक म्युझिक सिस्टीम ही नोंद वाचत नाहीत. त्यांच्यासाठी ‘एमपीथ्रीगेन’ उपयोगी पडते, कारण ते फाइलचीच पातळी दीड डेसिबलच्या टप्प्यांनी बदलते आणि हा बदल पुन्हा मागेही घेता येतो. पातळी जुळवताना मोठी गाणी खाली आणावीत. हळू गाणी वर ओढू नयेत, नाहीतर त्यांतील मोठे आवाज फाटतात.

येथे शब्दांचा एक घोळ दूर करणे गरजेचे वाटते. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत लावल्या जाणाऱ्या स्पीकरच्या भिंतीला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात, आणि त्यामुळे जुन्या टेपरेकॉर्डरवरील ‘डॉल्बी’ हे बटण आवाज वाढवण्यासाठी आहे अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते बटण कॅसेटच्या फितीची सूंऽऽ अशी खरखर कमी करण्यासाठी असते. ज्या कॅसेटवर डॉल्बी लावून मुद्रण केले आहे ती डॉल्बीशिवाय वाजवली तर वरचे सूर टोचतात, आणि साध्या मुद्रणावर डॉल्बी लावले तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा दबतो.

इंग्रजी गाण्यांसोबत मराठी, कन्नड आणि हिंदी गाणी घेतली तर मिक्स विस्कळीत होईल का?

मला तर हे आपल्या भागाचे सर्वांत मोठे भाग्य वाटते. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही, कॉलेजात हिंदी-इंग्रजी असे आपले कान दिवसभर चार भाषांत वावरतात, आणि एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत जाताना आपण अडखळत नाही. मग गाण्यांच्या मिक्सने का अडखळावे? अट एवढीच की गाणे भाषेच्या कोट्यासाठी घेऊ नये, नादासाठी घ्यावे.

नादाने जुळणारी गाणी भरपूर आहेत. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बममधील शीर्षकगीत ही केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाजाची प्राचीन ॲरामाईक प्रार्थना आहे, आणि त्याच अल्बममधील ‘मा रेवा’ हे नर्मदेच्या स्तुतीचे लोकगीत आहे. दोन्हींमागील गिटार आणि तालवाद्ये कोणत्याही इंग्रजी रॉक गाण्याशेजारी ताठ मानेने उभी राहतात. कन्नडमध्ये रघु दीक्षित यांनी शिशुनाळ शरीफांची पदे गिटार आणि ड्रमच्या साथीने गायली आहेत. एकोणिसाव्या शतकातील हे संतकवी आजच्या हावेरी जिल्ह्यातले. मुसलमान घरात जन्मलेले आणि गोविंद भट्ट या ब्राह्मण गुरूंचे शिष्य झालेले. आमच्या पिढीने त्यांची पदे लोकगायकांकडून ऐकली, मुलांनी ती रॉकच्या वाटेने ऐकली. मराठीत अभंग रिपोस्ट हा मुंबईचा बँड संतांचे अभंग याच वाद्यमेळात सादर करतो. वारकरी घरातील ज्येष्ठांना इलेक्ट्रिक गिटारची ओळख करून द्यायची असेल तर माझ्या मते हाच दरवाजा उघडावा. शब्द ओळखीचे असले की नव्या नादाची भीती राहत नाही.

भाषा बदलताना पट्टी किंवा ठेका यांपैकी एक धागा कायम ठेवावा. भाषा, पट्टी, लय आणि आवाजाची जात ही चारही एकाच ठिकाणी बदलली तर ऐकणाऱ्याला नवा मिक्स सुरू झाल्यासारखे वाटते.

दुसऱ्या कोणासाठी मिक्स बांधताना काय वेगळे करावे?

त्या व्यक्तीला ओळखीची असलेली निदान तीन गाणी घ्यावीत आणि ती पहिल्या, चौथ्या किंवा पाचव्या आणि शेवटच्या जागी ठेवावीत. अनोळखी गाणी त्यांच्यामध्ये बसवावीत, म्हणजे ओळखीच्या माणसाने हात धरून नेल्यासारखे ऐकणारा पुढे जातो. आपली सर्वांत आवडती, पण कठीण गाणी पहिल्याच मिक्समध्ये देण्याचा आग्रह धरू नये. माझ्या धाकट्या बहिणीला मी पहिल्यांदा दिलेली कॅसेट तिने अर्धीच ऐकली, कारण पहिल्याच बाजूवर मी तीन लांबलचक वाद्यगीते लावली होती. दुसऱ्या कॅसेटवर मी तिला रेडिओवर ऐकू येणाऱ्या गाण्यांपासून सुरुवात करून दिली, आणि ती तिने फीत झिजेपर्यंत वाजवली.

पेन ड्राइव्हवर गाणी टाकली की गाडीत क्रम उलटसुलट होतो. काय करावे?

गाडीतील काही यंत्रे फाइलच्या नावाच्या क्रमाने वाजवतात, तर काही ज्या क्रमाने फाइल पेन ड्राइव्हवर उतरल्या त्या क्रमाने. दोन्ही शक्यता सांभाळण्यासाठी नावाच्या आधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक इंग्रजी अंकांत घालावेत, पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट करावा आणि गाणी एकेक करून, क्रमानेच उतरवावीत. ‘शफल’ बंद आहे ना, हे पाहावे.

एमपीथ्री फाइल ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) दर्जाची असेल तर मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा लागते, म्हणजे ९० मिनिटांच्या मिक्सला २१६ एमबी. आजच्या पेन ड्राइव्हवर ही जागा नगण्य आहे, त्यामुळे १२८ केबीपीएसवर समाधान मानण्याचे कारण नाही. कमी दर्जात झांजांचा आवाज सर्वांत आधी पाण्यासारखा पसरतो आणि रॉकमध्ये झांजा सतत वाजत असतात. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्याला जाणार असाल तर फोनच्या नेटवर्कवर विसंबू नये. गाणी आधीच उतरवून ठेवावीत, नाहीतर ऐन जंगलात, सर्वांत सुंदर वळणावर गाणे थांबते.

घरी जुन्या कॅसेटवर भरलेले मिक्स आहेत. ते वाचवता येतील का?

येतील, आणि हे काम लवकर करावे. बेळगाव-खानापूरच्या लांब पावसाळ्यात कपाटातील कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट थेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये, कारण बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, आणि तेथून इतर कॅसेटवर जाते. कोरड्या, उन्हाळी दिवशी फीत हाताने, पेन्सिल घालून सावकाश फिरवत मऊ, कोरड्या कापडाने पुसून घ्यावी. मग एकदा टोकापासून टोकापर्यंत पुढे आणि मागे फिरवावी, म्हणजे एकमेकांना चिकटलेले थर सुटतात. टेपरेकॉर्डरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने स्वच्छ करावे.

त्यानंतर टेपरेकॉर्डरचा आवाज बाहेर नेणारी वायर संगणकाच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या खाचेला) जोडून ऑडासिटीत ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर मुद्रण करावे. ४५ मिनिटांच्या एका बाजूची फाइल पावणेपाचशे एमबीच्या आसपास होते. गाणी लगेच तोडू नयेत. संपूर्ण बाजू एक फाइल म्हणून जपावी. एका दुकानातून मी शाळेत असताना भरून घेतलेल्या कॅसेटचे शेवटचे गाणे फीत संपल्यामुळे मध्येच तुटले होते, आणि तेव्हा मला त्याचे फार वाईट वाटले होते. आज ते गाणे पूर्ण ऐकतानाही माझे मन त्याच शब्दापाशी थांबते. आपल्या मिक्सच्या या खुणा त्याच्या इतिहासाचा भाग आहेत.

स्वतःसाठी मिक्स करणे कायदेशीर आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या वाजवी वापराला सवलत आहे. विकत घेतलेल्या गाण्यांतून स्वतःसाठी मिक्स बांधणे आणि त्याच्या प्रती काढून विकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट करू नये. बँडला त्याच्या कामाचे पैसे मिळावेत यासाठी आवडत्या अल्बमची निदान एक प्रत विकत घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मिक्स पूर्ण झाला हे कसे ओळखावे?

बांधल्यावर तो किमान तीन वेळा, तीन वेगळ्या ठिकाणी ऐकावा: एकदा घरी शांतपणे, एकदा चालताना आणि एकदा गाडीत. ऐकताना ज्या क्षणी आपला हात पुढचे गाणे लावण्यासाठी उठतो, तेथे सांधा चुकलेला आहे. बहुतेक वेळा दोष त्या गाण्यात नसतो, आधीच्या गाण्यात असतो, म्हणून आधीचे बदलून पाहावे. एक आठवडा मिक्स बाजूला ठेवून पुन्हा ऐकल्यावर काहीच बदलावेसे वाटले नाही की तो बंद करावा.

कव्हरवर काय लिहावे?

क्रमांक, गाण्याचे नाव, बँडचे नाव, वर्ष आणि मिनिटे-सेकंदे हे सगळे हाताने लिहावे. पेन ड्राइव्ह असला तरी छोट्या वहीत एक पान त्यासाठी द्यावे. खाली मिक्स पूर्ण झाल्याची तारीख, कोणासाठी बांधला आणि कोठे पहिल्यांदा ऐकला हे नोंदवावे. माझ्या जुन्या वहीत एका पानावर ‘जांबोटी रस्ता, पहिला पाऊस’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्याखाली अकरा गाणी आहेत. सातव्या गाण्यापुढे शाई पावसाने पसरली आहे, त्यामुळे त्या गाण्याचे नाव मला दर वेळी क्रमाने ऐकत जाऊनच आठवते.